समारंभ आणि बैठक : नाशिकमधल्या तिकीट संग्राहकांच्या दोन भेटींचं प्रकरण

ऑगस्टमधल्या त्या रविवारी संध्याकाळी हॉलची किल्ली परत केली, रिक्षात बसले आणि लक्षात आलं, माझा अल्बम सकाळी बांधला होता तसाच पिशवीत आहे. पावसाच्या भीतीनं तो दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वरून गाठ मारली होती. ती गाठ सुटलेलीच नव्हती. टपाल तिकिटं जमवणारी आम्ही माणसं तीन वर्षांच्या मोबाइलवरच्या ओळखीनंतर पहिल्यांदा एकत्र आलो, दिवसभर एका छताखाली बसलो, आणि त्या दिवसाची आयोजक असलेली मी एकही तिकीट कुणाला न दाखवता घरी निघाले होते.

पाच महिन्यांनी, जानेवारीत, त्याच गटाची दुसरी भेट झाली आणि ती जमली. मधल्या काळात काय बदललं ते लिहून ठेवा, असं गटातल्या बऱ्याच जणांनी सुचवलं. छंद कुठलाही असो, जुनी नाणी, पेनं, बोन्साय, कॅमेरे, मोबाइलवर जमलेल्या माणसांना कधी ना कधी समोरासमोर भेटावंसं वाटतंच. अशी भेट घडवू पाहणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून पैशांचे आकडे आणि चुका, दोन्ही जसे आहेत तसे दिले आहेत.

गट आणि गाव

गट व्हॉट्सअ‍ॅपवरचा. सभासद शंभराच्या वर, रोज बोलणारे तीसेक. निम्मे नाशिक, सिन्नर, मनमाड, मालेगाव, संगमनेर या पट्ट्यातले. बाकीचे कल्याण-डोंबिवली, पुणे, काही विदर्भातले. रात्री जेवणं आटोपली की कुणीतरी एखाद्या तिकिटाचा फोटो टाकतं, कुणी शिक्का वाचतं, कुणी साल सांगतं, आणि दोन-तीन दिवसांनी ते तिकीट पाकिटात घालून ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे रवाना होतं. देवाणघेवाणीवर उभा राहिलेला गट आहे आमचा.

अशा गटात माणसं नावानं कमी आणि संग्रहानं जास्त ओळखली जातात. 'त्रावणकोरवाले काका', 'पक्षीवाले सर', 'रेल्वेवाले'. कुणाकडे कुठलं तिकीट कमी आहे ते मला तोंडपाठ होतं; त्या माणसाचा चेहरा, वय, आवाज मात्र ठाऊक नव्हता. मालेगावच्या एका सभासदांना आम्ही सगळे दोन वर्षं 'सर' म्हणत होतो. नंबर मुलाच्या नावावर होता, लिहिणाऱ्या त्याच्या आई होत्या. त्यांनीही कधी दुरुस्त केलं नाही. हे सगळं पहिल्या भेटीनंतर, फोनवर बोलताना कळलं.

भेटायचं तर नाशिकलाच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कारण नाशिकरोडची प्रेस, म्हणजे तिकिटं छापणारा सरकारी छापखाना. ती होण्याआधी भारताची तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची. इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२६ पासून तिकिटं नाशिकला छापली जाऊ लागली. १९२९ ची हवाई टपालाची तिकिटं, १९३१ ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटं, ही सगळी इथली. बाहेरगावच्या प्रत्येक सभासदाचा पहिला प्रश्न एकच असतो : "प्रेस बघायला मिळेल का?" नाही मिळत. कडक बंदोबस्तातली जागा आहे ती. माझे वडील तिथे नोकरीला होते. इतकी वर्षं तिथे काढून घरात एक तिकीट कधी आलं नाही. कागदाचा ताव अन् ताव मोजला जायचा. मी जमवलेली पहिली तिकिटं शेजारपाजारच्या पत्रांवरची आहेत.

पहिली भेट

आम्ही तिघांनी मिळून ठरवलं : गंगापूर रोडला एक छोटा हॉल, दिवस ऑगस्टमधला रविवार, वेळ सकाळी दहा ते पाच. गटावर विचारलं तेव्हा ४१ जणांनी 'येणार' म्हणून कळवलं. आले १७.

यातलं पहिलं कारण पंचांगात होतं आणि नाशिककर असून ते माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी तिसरा श्रावणी सोमवार होता. त्या दिवशी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते, आणि आदल्या दिवसापासूनच भाविकांची रीघ लागते. गाड्या त्र्यंबकच्या जादा फेऱ्यांना लावलेल्या, बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नाही, लॉज भरलेले. संगमनेरचे दोघं जण अडीच तास उभ्यानं आले. पुण्याची मंडळी राहायला खोली मिळाली नाही म्हणून आलीच नाहीत. आणि पाऊस तर होताच.

दुसरं कारण आखणीतलं, आणि ते जास्त महत्त्वाचं. चार माणसं जमायची म्हटली की आपल्याकडे त्याचा लगेच कार्यक्रम होतो. आम्हीही तेच केलं. मागे बॅनर, स्टेजवर तीन खुर्च्या, दीपप्रज्वलन, गटातल्या तीन ज्येष्ठांना शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं, मग जेवण, मग 'मुक्त संवाद'. हे सगळं मनापासून केलं होतं. ज्येष्ठांचा मान राहावा, दूरवरून आलेल्यांना आपण काहीतरी करतोय असं वाटावं, ही भावना खोटी नव्हती. पण त्यामुळे सगळ्यांची तोंडं एका दिशेला झाली. समोरासमोर भेटायला आलेली माणसं रांगेत, एकमेकांकडे पाठ करून बसली.

जेवणानंतरचा 'मुक्त संवाद' पंधरा मिनिटांत संपला. रात्री अकरापर्यंत शिक्क्यांवरून वाद घालणारे दोघं जण शेजारी बसून मोबाइलमध्ये बघत होते. आणि एका अगदी साध्या गोष्टीचा आम्ही विचारच केला नव्हता : पंखा. ऑगस्टमधल्या कोंदट हॉलमध्ये पंखा बंद केला तर बसवत नाही, आणि चालू ठेवला तर तिकीट टेबलावर राहत नाही. एका काकांनी धीर करून स्टॉकबुक उघडलं, बटरपेपरच्या पाकिटातून चार तिकिटं काढली, वरून वारा आला आणि त्यातलं एक खुर्च्यांखाली गेलं. सगळे वाकून शोधायला लागले. मिळालं, पण एक कोपरा ओल्या फरशीला चिकटला होता. काका काही बोलले नाहीत. स्टॉकबुक बंद करून त्यांनी पिशवीत ठेवलं. त्यानंतर कुणी काही बाहेर काढलं नाही.

तीनच्या सुमारास भांडण झालं. संगमनेरच्या सभासदांनी गटातल्याच एकांकडून गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट काही हजारांना घेतलं होतं. १५ ऑगस्ट १९४८ ला स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी निघालेल्या चार तिकिटांमधलं हे सगळ्यात मोठ्या किमतीचं. ते नाशिकचं नाही, स्वित्झर्लंडमधल्या कूर्व्हॉझिए या छापखान्यातलं आहे, आणि त्याच्या नकला भरपूर. संगमनेरकरांना शंका होती आणि विकणारे समोर होते. सतरा माणसांसमोर शब्दाला शब्द वाढला. विकणारे म्हणाले, "मला फसवणारा म्हणताय का?" आणि उठून गेले. आमच्यापैकी कुणाकडेच अशा वेळी काय करायचं याचा नियम नव्हता.

खर्चाचा हिशेब असा : हॉल ६,५०० रुपये, बॅनर ९००, शाल-श्रीफळ १,२००, चाळीस जणांचं जेवण ६,०००. एकूण १४,६००. दारात प्रत्येकी २०० प्रमाणे जमले ३,४००. उरलेले ११,२०० आम्ही तिघांनी वाटून घेतले. तेवीस जणांचं उरलेलं जेवण जवळच्या एका वसतिगृहात पोचवलं.

वीस फोन

पुढचे दहा-बारा दिवस गट जवळजवळ गप्प होता. दोघांनी गट सोडला. गटावर 'तुमच्या सूचना कळवा' असं लिहायचं माझ्या मनात होतं, पण चारचौघांत माणसं बरं तेच बोलतात, म्हणून एकेकाला फोन केला. आलेले सगळे, आणि न आलेल्यांमधले काही, असे वीस फोन. आलेल्यांना कसं वाटलं हे विचारलं नाही. एकच विचारलं : "येताना काय आणलं होतं, आणि ते बाहेर निघालं का?"

सतरापैकी बारा जणांनी काही ना काही आणलं होतं. मनमाडच्या काकांनी, हे रेल्वेतून निवृत्त झालेले, राजा पंचम जॉर्जच्या तिकिटांची पूर्ण फाइल आणली होती. सिन्नरच्या शिक्षिकेनं शाळेतल्या मुलांसाठी दुबार तिकिटांची साठ पाकिटं करून आणली होती, प्रत्येकावर स्वतःच्या हातानं विषय लिहून. बारापैकी बाहेर निघालं ते फक्त पंख्याखाली उडालेलं ते स्टॉकबुक. त्या साठ पाकिटांचं ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

न आलेल्यांची उत्तरंही तितकीच कामाची होती. मालेगावच्या ताई म्हणाल्या, "मला कुणी ओळखत नाही, मी बाई आहे हेच माहीत नाही. तिथे दारात उभं राहून मी काय सांगणार होते? आणि बायका किती येणार, परत निघायला किती वाजणार, हे कुणी लिहिलंच नव्हतं." कल्याणचे एक जण म्हणाले, 'येणार' म्हणायला पैसे पडत नव्हते, म्हणून म्हणालो. इतकं सरळ उत्तर दिल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

या फोनांमधून माझं मत पक्कं झालं. मोबाइलवर आमची ओळख वस्तूच्या आधारानं झाली होती. मधे तिकीट होतं म्हणून बोलणं होत होतं. प्रत्यक्ष भेटीत आम्ही ती वस्तूच मधून काढून टाकली आणि अनोळखी माणसांना 'बोला आता' म्हणून सोडून दिलं. समारंभात माणसं पाहुणी असतात. बैठकीत प्रत्येकाच्या पुढ्यात काम असतं, मग ती दळणाची असो, गाण्याची असो की भावकीची. आम्हाला बैठक हवी होती.

दुसऱ्या भेटीची आखणी

दिवस ठरवताना या वेळी कॅलेंडर आधी बघितलं : संक्रांत होऊन गेलेला रविवार. नाशिकला तेव्हा कोरडी थंडी असते. पंखा लागत नाही, हवेत दमटपणा नाही, डिंक असलेली मिंट, म्हणजे न वापरलेली, तिकिटं एकमेकांना चिकटत नाहीत. तिकिटांच्या बैठकीला याहून चांगला काळ नाही.

जागा म्हणून हॉल घेतला नाही. ओळखीच्या एका खासगी क्लासची रविवारी रिकामी असणारी खोली मिळाली, दिवसाचे १,५०० रुपये. उत्तरेकडे मोठ्या खिडक्या. वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली पुसट खूण, बघायला आणि रंगाच्या छटा ओळखायला असा न चमकणारा उजेड ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी बरा. बाक एकमेकांना जोडून चार टेबलं केली, प्रत्येकाला सहा खुर्च्या. म्हणजे चोवीस माणसं. त्याच्यावर एकही नाही. सातवा माणूस आला की तो मागे उभा राहतो, उभा राहणारा बघ्या होतो, आणि बघ्या झालेला माणूस चहाच्या वेळेला निघून जातो.

वेळ रेल्वेनं ठरवून दिली. मनमाडकर सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं नाशिकरोडला उतरतात आणि रात्री पंचवटीनंच परत जातात. कल्याणकरांना सकाळची तपोवन आणि संध्याकाळची परतीची तपोवन सोयीची. नाशिकरोडहून शहरात यायला रिक्षा किंवा सिटीलिंक बस, आणि द्वारकेच्या चौकात किती वेळ जाईल ते तो चौकच ठरवतो. म्हणून सुरुवात साडेदहाला आणि पावणेपाचला बंद म्हणजे बंद. हे वेळापत्रक, येणाऱ्यांची यादी, त्यात बायका किती, स्वच्छतागृह कुठे, जवळचा बसथांबा कुठला, हे सगळं आठ दिवस आधी गटावर टाकलं. मालेगावच्या ताईंनी ते वाचून तासाभरात पैसे पाठवले. चोवीसमध्ये सात बायका होत्या. पहिल्या भेटीत, मला धरून, दोन होत्या.

वर्गणी २५० रुपये, आगाऊ. तीन दिवस आधीपर्यंत नाही म्हटलं तर पूर्ण परत, त्यानंतर नाही. काही जणांना हे खटकलं. छंदात पैशांची भाषा कशाला, असं एका ज्येष्ठांनी विचारलंही. मी त्यांना उरलेल्या तेवीस जेवणांचं सांगितलं. चोवीसपैकी बावीस आले.

अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था त्र्यंबक रस्त्यावरच आहे, सगळे आलेच आहेत तर दुपारी तिकडे जाऊ, अशी मागणी झाली. डॉ. परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या माणसानं उभी केलेली ती संस्था आणि तिथलं संग्रहालय खरोखरच बघण्यासारखं आहे. तरी नाही म्हटलं. जाण्यायेण्यात दोन-अडीच तास गेले असते आणि अल्बम पुन्हा पिशवीतच राहिले असते.

टेबलं

एका टेबलावर वॉटरमार्क. दुसऱ्यावर खरं-खोटं. तिसऱ्यावर पाकिटांवरची तिकिटं पाण्यात सोडवणं. चौथं देवाणघेवाणीचं. प्रत्येक टेबलाला एक यजमान, आणि त्यांना एकच विनंती केली होती : पाच मिनिटं सांगा, मग चिमटा दुसऱ्याच्या हातात द्या. छातीवरच्या बिल्ल्यावर संग्रहाचं नाव मोठं, माणसाचं लहान. दाराशी मी आणि सिन्नरच्या बाई. कुणी एकटं दारात घुटमळताना दिसलं की बिल्ला बघायचा आणि थेट त्या विषयाच्या टेबलावर नेऊन बसवायचं. दीपप्रज्वलन नाही, प्रास्ताविक नाही. दहा पन्नासला पहिली तीन टेबलं चालू होती.

वॉटरमार्कचं टेबल मनमाडच्या काकांचं. तिथली पंधरा मिनिटं सविस्तर सांगते. काकांनी खिडकी उघडली, काडेपेटी-लायटर कुणाच्या खिशात असेल तर बाहेर ठेवून यायला सांगितलं, आणि काळ्या बशीत पंचम जॉर्जचं एक आण्याचं चॉकलेटी तिकीट पालथं ठेवलं. वर पेट्रोलियम बेंझिनचे तीन थेंब. कागद ओला होऊन काळपट झाला आणि मधोमध एक तारा वर आला. एकच. ती बशी सगळीकडे फिरली. मग काकांनी दुसऱ्या बशीत तसंच तिकीट ठेवलं : तोच राजा, तोच आणा, तोच रंग, उघड्या डोळ्यांना काही फरक नाही. थेंब पडले आणि या वेळी ताऱ्यांची रांग दिसली, कडेला अर्धे कापलेले, खाली आणखी. काकांनी पहिल्या बशीवर बोट ठेवलं. "हे लंडनचं." मग दुसऱ्यावर. "हे आपल्या नाशिकरोडचं." बेंझिन उडून गेलं, तारे विरले, दोन्ही तिकिटं पुन्हा एकसारखी.

इगतपुरीहून आईबरोबर आलेला नववीतला मुलगा म्हणाला, "आजोबा, मी करू?" काकांनी चिमटा त्याच्याकडे दिला. त्यानं आपल्या वहीतून तसंच एक तिकीट काढलं. ते त्याला कुणीतरी रद्दीतून दिलेलं, वहीत सेलोटेपनं चिकटवलेलं, पाठीवर टेपचा पिवळा डाग. काकांनी डागाबद्दल चकार शब्द काढला नाही. थेंब पडले, टेपच्या डागाच्या बाजूला बरेच तारे. "नाशिक," मुलगा म्हणाला. टेबलावरच्या सहाही जणांनी बशीवर माना घातल्या होत्या. वडील निवृत्त होईपर्यंत ज्या छापखान्यात गेले, तिथल्या कागदातले ते तारे मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. तिथून मला बराच वेळ उठवलं नाही. सकाळभर दाराशी मी नव्हते, सिन्नरच्या बाईंनी सांभाळून घेतलं.

खरं-खोटंच्या टेबलामागे एक गोष्ट आहे. पहिल्या भेटीत उठून गेलेल्या सभासदांना मी सप्टेंबरमध्ये फोन केला होता. त्यांनी गांधीजींचं ते तिकीट स्वतः दुसऱ्या कुणाकडून विकत घेतलेलं होतं आणि अस्सल समजूनच पुढे दिलं होतं. दोन हप्त्यांत त्यांनी संगमनेरकरांचे पैसे परत केले आणि तिकीट परत घेतलं. जानेवारीत ते आले, आणि तेच तिकीट नमुना म्हणून टेबलावर ठेवा, असं त्यांनीच सुचवलं. बहिर्गोल भिंगाखाली शेजारी शेजारी दोन तिकिटं होती. अस्सल तिकीट फोटोग्रॅव्हर पद्धतीच्या छपाईचं, रंगाची जाळी इतकी बारीक आणि सारखी की गांधीजींच्या गालावरची सावली सलग उतरते. नकलेत ऑफसेट छपाईचे ठिपके सुटे सुटे दिसतात. मग तिकिटाच्या कडेची छिद्रं मोजायची पट्टी. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते मोजतात. अस्सल साडेअकराला बरोबर बसलं, नक्कल तेराच्याही पुढे गेली. पट्टी धरून ते स्वतः मोजून दाखवत होते आणि शेजारी भिंग धरून संगमनेरकर बसले होते. दोघांमध्ये गप्पा फार झाल्या नाहीत. पण जेवायला एकत्र बसले.

पाण्याच्या टेबलावर सगळ्यात जास्त हसू आणि सगळ्यात जास्त ओल. कोमट पाणी, वीस मिनिटं, तिकीट आपोआप सुटेपर्यंत ओढायचं नाही. लाल आणि खाकी पाकिटांवरचे तुकडे वेगळ्या भांड्यात, कारण त्यांचा रंग उतरतो. वाळवायला टिपकागद, वर्तमानपत्र नाही. सिन्नरच्या बाईंची दुबार तिकिटांची साठ पाकिटं इथेच बाहेर निघाली. मुलांना देण्याऐवजी त्यांनी ती टेबलावर मांडली, आणि ज्यानं ज्यानं पाकीट उचललं त्यानं बदल्यात आपली दुबार तिकिटं टाकली. संध्याकाळी त्यांच्याकडे शाळेसाठी ऐंशीच्या वर पाकिटं होती.

देवाणघेवाणीचं टेबल आम्ही जेवणानंतरच उघडलं. हा नियम माझ्या हट्टाचा होता. सकाळी विक्री सुरू झाली असती तर सगळं लक्ष तिकडेच गेलं असतं. बाकीचे नियम फळ्यावर लिहिले होते : प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली हवी, व्यवहार झाला की वहीत दोघांची नावं आणि सह्या, नकली निघालं तर पंधरा दिवसांत परत, प्रश्न न विचारता, अठरा वर्षांखालच्यांनी आईवडील शेजारी असल्याशिवाय पैशांचा व्यवहार करायचा नाही, अदलाबदल खुशाल करावी. वहीत एकोणीस नोंदी झाल्या. पंधरा दिवसांत एक तिकीट परत आलं, शांतपणे.

जेवण त्या खोलीत ठेवलं नाही, बाजूच्या खानावळीत नेलं. चहासुद्धा व्हरांड्यात. मिसळ ठेवावी असा आग्रह होता, बाहेरगावच्यांना नाशिकची मिसळ हवीच असते; पण तर्रीचे हात आणि शंभर वर्षांचा कागद यांचं जमत नाही. भाजी-पोळी, वरण-भात, आणि परत येताना प्रत्येकानं साबणानं हात धुऊन, कोरडे करून आत यायचं. मिसळ खायची ज्यांची इच्छा होती ते सकाळी स्टेशनवरून येतानाच खाऊन आले होते.

हिशेब : वर्गणी ६,०००. खोली १,५००, जेवण २,८८०, दोन वेळचा चहा ५७६, टिपकागद, बशा, बटरपेपरची पाकिटं ७००. शिल्लक ३४४ रुपये, ती गटाच्या वहीत जमा आहे.

जे सुटलेलं नाही

दुपारी चौथ्या टेबलाभोवती गर्दी झाली आणि सहाची मर्यादा तिथे पाळता आली नाही. आवाज वाढला, वॉटरमार्कच्या टेबलावरच्यांना एकमेकांचं ऐकू येईना. पुढच्या वेळी देवाणघेवाण व्हरांड्यात हलवायचा विचार आहे, पण तिथे वारा असतो, म्हणून आधी आडोसा बघावा लागेल. पक्षीवाल्या सरांना पाच मिनिटांत थांबवणं जड गेलं आणि त्यांना ते लागलं असावं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे. त्यांच्यासाठी नांदूरमधमेश्वरला वेगळी सकाळ ठरवावी, तिथे पक्षी आणि पक्ष्यांची तिकिटं दोन्ही घेऊन बसावं, असं मी त्यांना कळवलं आहे. विदर्भातल्या सभासदांना एका दिवसात येऊन जाणं शक्य नाही, आणि त्यांना मुक्कामाची सोय करून देण्याएवढी आमची ताकद अजून नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते आणि लॉजचे दर दोन्ही अवघड होत चालले आहेत.

गटात एक वाद अजून चालू आहे. जमलं तर मोठं करा, पन्नास माणसं बोलवा, एखादा पाहुणा आणा, पेपरात बातमी द्या, असं काही जणांचं म्हणणं आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, छंद वाढावा असं मलाही वाटतं. पण पन्नास माणसं म्हणजे स्टेज, स्टेज म्हणजे एका दिशेला खुर्च्या, आणि मग अल्बम पुन्हा पिशवीत. मोठी एक भेट करण्याऐवजी चोवीस-चोवीसच्या दोन करू, दुसरी मनमाडला काकांच्या यजमानपदाखाली, असं मी सुचवलं आहे. काका तयार आहेत. त्यांना फक्त उत्तरेकडे खिडक्या असलेली खोली हवी आहे.

पुढची नाशिकची तारीख ठरली त्या रात्रीच यादी भरली. पंचविसावा फोन मालेगावच्या ताईंनी आणलेल्या एका मैत्रिणीचा आला. तिचं नाव मनमाडच्या यादीत पहिलं लिहिलं आहे.